ऋणाचा शेष ठेवताना

गेल्या वर्षी मे महिन्यात वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा माझ्या नावावर अमेरिकेच्या फेडरल सरकारचे २,३०,००० डॉलर कर्ज होते. भारतातले नातेवाईक हा आकडा ऐकून दचकतात. इथे मात्र त्यात विशेष काही नाही, कारण कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांच्या डोक्यावर २ लाख डॉलरांहून अधिक रक्कम असते. विशेष होते ते पुढचे: हे कर्ज कसे फेडणार, यासाठीची योजना निवडण्याचा निर्णय नेमका त्या सहा आठवड्यांत घ्यावा लागला, ज्यांत मी घर बदलत होते, परवान्याची कागदपत्रे जमवत होते आणि १ जुलैला सुरू होणाऱ्या बालरोग रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात पगारावर घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, धास्तीने नीट झोपतही नव्हते. त्या निर्णयाचा हिशोब मराठीत मांडलेला मला कुठे सापडला नाही, म्हणून हे लिहीत आहे. भारतात शिकून इथे रेसिडेन्सीला आलेल्या डॉक्टरांना यातले बहुतेक काही लागू नाही, कारण फेडरल कर्जे नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि अशाच मोजक्या लोकांना मिळतात. पण माझ्यासारखी, लहानपणी आई-बाबांबरोबर इथे आलेली आणि इथेच शिकलेली मराठी मुले आता बरीच आहेत, आणि त्यांच्या घरातही हा विषय निघत असणार.

आमच्या घरात तो निघाला, तेव्हा बाबांनी एक जुने वचन ऐकवले: ऋण, अग्नी आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये. बाबांनी आयुष्यात दोनच कर्जे काढली आणि दोन्ही मुदतीच्या आधी फेडली. क्रेडिट कार्डाचे बिल आले की त्याच संध्याकाळी ते भरल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने उत्तर उघड होते: दहा वर्षांची साधी योजना घ्यायची, चार वर्षे पोट मारून राहायचे आणि मोकळे व्हायचे. मी आकडेमोड करून दाखवली. माझ्या सगळ्या कर्जांचा सरासरी व्याजदर ७ टक्क्यांच्या आसपास येतो. पहिल्या वर्षी घेतलेले कर्ज ५.२८ आणि ६.२८ टक्क्यांचे होते, शेवटच्या वर्षीचे ८.०८ आणि ९.०८ टक्क्यांचे, चार वर्षांत दर असे चढत गेले. या हिशोबाने दहा वर्षांच्या योजनेचा हप्ता महिना सुमारे २,६७० डॉलर होतो. रेसिडेंटचा वर्षाचा पगार ६५,००० डॉलर धरला, तर कर वगैरे वजा जाता हातात महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास पडतात. घरभाडे दिल्यावर हप्त्यासाठी उरतील त्या पैशांत बाबांचे वचन पाळणे शक्यच नव्हते.

दुसरा सल्ला आला तो कर्जाची वसुली पाहणाऱ्या कंपनीकडून. तिच्या प्रतिनिधीने फोनवर मोठ्या आपुलकीने सांगितले, की रेसिडेंट डॉक्टरांना हप्ते थांबवण्याची सवलत कायद्यानेच मिळते, तेव्हा तीन वर्षे काहीच भरू नका. त्यात खोटे काही नव्हते. अशी सवलत आहे आणि मागितली तर ती द्यावीच लागते. तिने सांगितले नाही ते असे, की त्या काळात व्याज महिन्याला सुमारे १,३४० डॉलर या वेगाने चढतच राहते आणि ती तीन वर्षे दुसऱ्या कोणत्याही मोजणीत धरली जात नाहीत. कोणती मोजणी, हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

२००७ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या कायद्यात ‘पब्लिक सर्व्हिस लोन फॉरगिव्हनेस’ नावाची तरतूद आहे. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे पीएसएलएफ म्हणतात. सरकारी किंवा करमुक्त धर्मादाय संस्थेत पूर्ण वेळ नोकरी करत असताना पात्र योजनेखाली १२० मासिक हप्ते भरले, की उरलेले सगळे कर्ज माफ होते आणि माफ झालेल्या रकमेवर फेडरल कर लागत नाही. हप्ता किती रुपयांचा किंवा डॉलरांचा, याला महत्त्व नाही. तो उत्पन्नाच्या प्रमाणात ठरलेला असला आणि वेळेवर भरला, तर एक हप्ता म्हणजे एक हप्ता. हे १२० सलग असण्याचीही अट नाही. बहुतेक शिक्षण-रुग्णालये धर्मादाय किंवा सरकारी असल्यामुळे रेसिडेन्सीची वर्षे, म्हणजे डॉक्टरच्या आयुष्यातली सर्वांत कमी पगाराची वर्षे, या मोजणीत धरता येतात. आणखी एक गंमत अशी, की हप्ता ठरतो तो मागच्या कर-विवरणपत्रावरून. मी २०२४ साली विद्यार्थिनी होते, माझे उत्पन्न शून्य होते, आणि तसे विवरणपत्र मी भरून ठेवले होते. त्यामुळे माझा पहिल्या वर्षाचा हप्ता शून्य डॉलर ठरला, आणि शून्य डॉलरचा हप्तादेखील १२० मध्ये धरला जातो. हे बाबांना समजावून सांगायला मला दोन रविवार लागले. शेवटच्या वर्षाला असलेल्या कोणाही विद्यार्थ्याला मी एकच गोष्ट आवर्जून सांगते, की उत्पन्न नसले तरी विवरणपत्र भरा.

म्हणजे खरा प्रश्न ‘कोणती योजना स्वस्त’ हा नव्हताच. प्रश्न होता, दहा वर्षांनी मी कोणाकडे नोकरी करत असेन. मुलांच्या रुग्णालयांपैकी बरीचशी धर्मादाय आहेत, मला शिकवण्याची आवड आहे, आणि बालरोगतज्ज्ञांचे पगार या व्यवसायात खालच्या टोकाला असतात. तेव्हा खाजगी व्यवसायात जाऊन कर्ज झपाट्याने फेडण्याचा मार्ग माझ्यासाठी फारसा मोहाचा नव्हता. माझा एक वर्गमित्र अस्थिरोग शल्यविशारद होणार आहे आणि पहिल्या दिवसापासून त्याला खाजगी गटात जायचे आहे. त्याच्यासाठी गणित पूर्ण उलटे आहे. रेसिडेन्सी संपताच खाजगी बँकेकडून कमी दराने कर्ज बदलून घेणे आणि चार-पाच वर्षांत फेडून टाकणे हेच त्याच्या हिताचे ठरू शकते. फक्त एकदा फेडरल कर्ज खाजगी बँकेकडे नेले, की ते परत आणता येत नाही, माफीचा मार्ग कायमचा बंद होतो, हे त्याने पक्के लक्षात ठेवले पाहिजे. त्याला हे मी तीनदा सांगितले आहे; तिसऱ्या वेळी तो जरा वैतागला.

माफीचा मार्ग ठरला, तरी योजना निवडायचीच होती, आणि २०२५ चा उन्हाळा त्यासाठी अगदी वाईट मुहूर्त होता. २०२३ साली आलेली ‘सेव्ह’ ही उत्पन्नावर आधारित सर्वांत उदार योजना २०२४ च्या जुलैत अपील न्यायालयाने थांबवली होती. तिच्यात अडकलेल्या आमच्या सीनियर रेसिडेंट मंडळींचे हप्ते बंद झाले होते खरे, परंतु त्यांची १२० ची मोजणीही तिथेच गोठली होती. उत्पन्नावर आधारित सर्व योजनांचे अर्ज काही आठवडे पूर्ण बंद होते, आणि ते पुन्हा सुरू झाले तेव्हा तुंबलेल्या अर्जांची संख्या एप्रिल २०२५ अखेर जवळजवळ २० लाख होती. भरीस भर म्हणजे मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या विधेयकात, यापुढच्या कर्जदारांची रेसिडेन्सीची वर्षे पीएसएलएफमध्ये धरू नयेत असे कलम होते. ते सिनेटमध्ये गळाले, आणि ४ जुलैला सही झालेल्या अंतिम कायद्यात आले नाही. दरम्यानचे ते सहा आठवडे आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर निकालाच्या रात्रीसारखे वातावरण होते.

उरलेल्या पर्यायांपैकी मी ‘इन्कम बेस्ड रिपेमेंट’, म्हणजे आयबीआर, ही योजना घेतली. ज्यांच्या नावावर १ जुलै २०१४ रोजी कोणतेही फेडरल कर्ज नव्हते, त्यांच्यासाठी तिच्यात हप्ता असा ठरतो: दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम उत्पन्नातून वजा करायची, उरलेल्याच्या १० टक्के घ्यायचे आणि त्याला बाराने भागायचे. २०२५ मध्ये एकट्या माणसासाठी दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर होती. तिची दीडपट २३,४७५. म्हणजे ६५,००० डॉलर पगारावर हप्ता सुमारे ३४६ डॉलर. ‘पे ॲज यू अर्न’ या योजनेत आकडा हाच येतो, पण नव्या कायद्याने ती २०२८ च्या जुलैपर्यंत बंद होणार आहे. मरणपंथाला लागलेल्या योजनेत घर कशाला बांधायचे? आयबीआर मूळ कायद्यातच लिहिलेली असल्याने न्यायालयांच्या तडाख्यातून वाचली, हेही कारण होते. एका डॉक्टरने योजना निवडताना तिच्या लाभांपेक्षा तिच्या आयुर्मर्यादेचा विचार करावा, हे आधी विचित्र वाटले आणि नंतर अगदी आमच्या व्यवसायाला साजेसे वाटले.

पदवी मिळताच सहा महिन्यांच्या सवलतीच्या काळाची वाट न पाहता मी सगळी कर्जे एकत्र केली, जेणेकरून मोजणी लवकर सुरू व्हावी. युक्ती बरोबर होती, पण तुंबलेल्या अर्जांपुढे तिचे फारसे चालले नाही. ऑगस्टमध्ये एकत्रीकरण झाले, आणि आयबीआरचा अर्ज मंजूर व्हायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात मी सात वेळा फोन केला आणि सात निरनिराळी उत्तरे ऐकली. माझा मोजणीत धरलेला पहिला हप्ता जानेवारी २०२६ चा आहे.

आता पुढचा प्रश्न. नव्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून ‘रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन’, ज्याला सगळे रॅप म्हणतात, ती योजना सुरू व्हायची आहे. त्या तारखेनंतर नवे कर्ज घेणाऱ्यांना रॅप किंवा ठरावीक हप्त्याची नवी योजना एवढेच पर्याय असतील. माझ्यासारख्या जुन्या कर्जदारांना आयबीआर ठेवता येते किंवा रॅपमध्ये जाता येते. रॅपमध्ये दारिद्र्यरेषेची वजावट नाही. उत्पन्नाच्या टप्प्यानुसार १ ते १० टक्के, आणि तेही संपूर्ण उत्पन्नावर, असा हप्ता आहे. वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्न असेल तर महिना १० डॉलर. ६५,००० वर ६ टक्के म्हणजे ३२५ डॉलर, आयबीआरपेक्षा २१ डॉलर कमी. इथपर्यंत वाचून माझ्या दोन मैत्रिणींनी रॅपमध्ये जायचे ठरवून टाकले आहे. पण टप्प्यांची मेख अशी, की उत्पन्न ७०,००० असेल तर हप्ता ३५० डॉलर, आणि ७०,००१ झाले की ४०८. एका डॉलरच्या पगारवाढीसाठी महिन्याला ५८ डॉलर मोजायला लावणारा हा हिशोब कोणी मांडला असेल, याचे मला राहून राहून कुतूहल वाटते.

रॅपचा खरा गुण दुसरीकडे आहे. हप्ता व्याजापेक्षा कमी पडला, तर न भरलेले व्याज सरकार सोडून देते. माझ्या बाबतीत ३२५ डॉलर हप्त्यावर महिन्याला हजाराहून अधिक डॉलरांचे व्याज माफ झाले असते. ज्यांना शेवटी आपले कर्ज स्वतःच फेडायचे आहे, त्या माझ्या अस्थिरोगवाल्या मित्रासारख्यांसाठी रेसिडेन्सीच्या काळात ही फार मोठी गोष्ट आहे. मला मात्र तिचा उपयोग शून्य, कारण १२० व्या हप्त्यानंतर जे काही उरेल ते सगळेच माफ व्हायचे आहे. उरलेली रक्कम फुगली काय आणि न फुगली काय. माझ्या दृष्टीने पाहायचे ते एवढेच, की त्या १२० हप्त्यांत माझ्या खिशातून एकूण किती जातात.

ते मी मांडून पाहिले. हप्ता एक-दोन वर्षे जुन्या विवरणपत्रावर ठरत असल्यामुळे पगारवाढ हप्त्यात उशिरा उमटते, आणि तेही कायदेशीरपणे. २०२६ चे माझे बारा हप्ते शून्याचे. २०२७ चे हप्ते २०२५ च्या अर्ध्या वर्षाच्या पगारावर, महिना सुमारे ७५ डॉलर. २०२८ आणि २०२९ मध्ये ३४६ च्या आसपास, जरी २०२८ च्या जुलैत माझी रेसिडेन्सी संपून मी पूर्ण पगारावर आलेली असेन. २०३० मध्ये जवळजवळ हजार. त्यानंतरची पाच वर्षे, २,२०,००० डॉलर पगार धरून, महिना १,६३८. दारिद्र्यरेषा आणि पगार आज धरले तेवढेच ठेवून सगळ्याची बेरीज साधारण १,१९,००० डॉलर होते. रॅपच्या नियमाने हीच बेरीज १,३३,००० होते, कारण मोठ्या पगारावर १० टक्क्यांचा हप्ता १,८३३ डॉलरवर जातो. दहा वर्षांच्या साध्या योजनेत मी ३,२०,००० डॉलर भरले असते. आणि २०३५ च्या डिसेंबरात, १,१९,००० भरून झाल्यावर, माझ्या नावावर सुमारे २,८०,००० डॉलर शिल्लक असतील, म्हणजे घेतले त्याहून जास्त. तेच माफ व्हायचे आहेत. यातला २,८०,००० हा आकडा मी बाबांना बरेच दिवस सांगितला नव्हता.

अधिक पगाराच्या शाखांमध्ये आणखी एक फरक निर्णायक ठरतो. आयबीआरचा हप्ता दहा वर्षांच्या साध्या योजनेच्या हप्त्यापलीकडे कधीच जात नाही. माझ्या कर्जावर ही कमाल मर्यादा २,६७० डॉलर. रॅपला अशी मर्यादा नाही. ५ लाख डॉलर मिळवणाऱ्या, माझ्याइतकेच कर्ज असलेल्या आणि धर्मादाय रुग्णालयात काम करणाऱ्या शल्यविशारदाला आयबीआरमध्ये २,६७० आणि रॅपमध्ये ४,१६७ डॉलर भरावे लागतील. लग्न झालेल्यांनी कर-विवरणपत्र वेगवेगळे भरले, तर दोन्ही योजनांत फक्त स्वतःचे उत्पन्न धरले जाते, परंतु वेगळे भरल्याने करात तोटा होऊ शकतो, आणि तो हिशोब दर वर्षी नव्याने करावा लागतो. स्थळ पाहताना मुलाची पत्रिका मागण्याऐवजी त्याची परतफेड योजना विचारावी, असे मी आईला सुचवले आहे. तिने ते मनावर घेतलेले नाही.

ज्यांची कर्जे माझ्यासारखीच जुनी आहेत त्यांना एक धोक्याची सूचना मात्र गंभीरपणे द्यायची आहे. १ जुलै २०२६ नंतर एकत्रीकरण केले, किंवा एखादे छोटे नवे फेडरल कर्जही घेतले, तर आयबीआरसह जुन्या योजनांचे दार बंद होते. फेलोशिपच्या, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या खास प्रशिक्षणाच्या, आधी किंवा दुसऱ्या एखाद्या पदवीच्या निमित्ताने सहज एखादी सही करण्याआधी याचा विचार व्हावा. यंदा वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांपुढे तर वेगळेच संकट आहे: ‘ग्रॅड प्लस’, म्हणजे शिक्षणाच्या पूर्ण खर्चापर्यंत मिळणारे फेडरल कर्ज, नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होत असून फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर झाली आहे. त्याहून जास्त लागले तर खाजगी कर्ज, ज्याला पीएसएलएफ लागू नाही. माझ्या कर्जातले ३०,००० त्या वर्गात गेले असते.

माफीवर इतकी भिस्त ठेवणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न मला आजही सतावतो. या तरतुदीखालचे पहिले अर्ज २०१७ च्या ऑक्टोबरात आले आणि सुरुवातीच्या काळात शंभरातले ९९ फेटाळले गेले: कोणाचे कर्ज चुकीच्या प्रकारचे, कोणाची योजना अपात्र, कोणाच्या फॉर्मवर सही नाही. पुढे नियम सुधारले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत १० लाखांहून अधिक लोकांची कर्जे माफ झाली. पण गेल्या ऑक्टोबरात शिक्षण खात्याने काही नोकरदात्यांना ‘बेकायदेशीर हेतू’च्या कारणाने अपात्र ठरवण्याचा नियम काढला, जो या जुलैपासून लागू व्हायचा आहे, आणि त्याविरुद्ध अनेक राज्ये न्यायालयात गेली आहेत. माझ्या रुग्णालयावर उद्या अशी वेळ आली, तर तोपर्यंतचे हप्ते टिकतील, पण पुढच्यांसाठी नोकरी बदलावी लागेल. म्हणून मी दोन गोष्टी करते. दर वर्षी नोकरीच्या प्रमाणपत्रावर रुग्णालयाची सही घेऊन ते दाखल करते आणि हप्त्यांच्या मोजणीची छापील प्रत ठेवते. आणि दर महिन्याला ३०० डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाकते, ज्यांना मी हात लावत नाही. योजना फसली, तर कर्जाच्या मानाने ही रक्कम काहीच नसेल, हे मला कळते. पण त्यामुळे झोप येते, आणि रेसिडेंटला झोपेची किंमत वेगळी सांगायला नको.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, “अगं, चार महिने झाले ना हप्ते सुरू होऊन? मुद्दल किती कमी झालं?” मी सांगितले, की १२० पैकी चार हप्ते झाले, चारही शून्य डॉलरचे; मुद्दल होते तेवढेच आहे आणि व्याज धरून एकूण रक्कम २,४०,००० च्या पुढे गेली आहे. २०३५ साली ती किती होणार, तेही त्या ओघात सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी फोन आईकडे दिला.